बेपत्ता, पण मजेत

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

या पत्रात राजीनाम्याविषयी चकार शब्द काढायचा नाही, असं तुझ्या आईला कबूल करून बसलोय. त्या रविवारी ताटावरून उठून गेलास, त्याला आज अकरा दिवस झाले. आईच्या मोबाइलवर ‘जेवलो’ आणि ‘हो’ येतं, तेवढ्यावर चाललंय आमचं.

काल माळ्यावर सुहासमामाची ती कॅसेट सापडली. द नॉटिंग हिलबिलीज, तो इंग्लंडातला बँड. फीत सैल झाली होती, पेन्सिल घालून गुंडाळली. ‘रेंगाळणारी गाणी’ म्हणायचास तू त्यांना. पॉल फ्रँकलिनचं पेडल स्टील (ती आडवी गिटार) मींड घेतल्यासारखं घसरत यायचं, आणि तू तोंडातला घास तसाच धरून बसायचास. आई वैतागायची. अमेरिकेतली जुनी कंट्री आणि ब्लूज गाणी. पण कुणाला कसली घाई म्हणून नाही.

आता या हिलबिलीजचंच बघ. डायर स्ट्रेट्स या रॉक बँडचा ‘ब्रदर्स इन आर्म्स’ अल्बम १९८५ चा, म्हणजे त्यांचा गायक-गिटारवादक मार्क नॉफ्लर तेव्हा केवढा मोठा! आणि पुढच्याच वर्षी हा लीड्समध्ये स्टीव्ह फिलिप्स, ब्रेंडन क्रोकर या मित्रांबरोबर छोट्याशा कार्यक्रमात वाजवत होता. पुढे डायर स्ट्रेट्समधला गाय फ्लेचर आला, ड्रमवर चक्क त्यांचा मॅनेजर एड बिकनेल. १९९० मध्ये एकुलता एक अल्बम काढला, दौरा केला, की जो तो आपापल्या कामाला. १९९१ ला डायर स्ट्रेट्सचा नवा अल्बम हजर. म्हणजे मुख्य काम सांभाळूनही हौस होते. तुम्ही चौघं शनिवार-रविवार वाजवताच ना? मग सोमवारी ऑफिसला जायला काय हरकत—

झालं, आलोच मी तिथे. माफ कर.

आणि तू काय म्हणशील तेही ठाऊक आहे. हाच नॉफ्लर तरुणपणी लीड्सला वर्तमानपत्रात बातमीदार होता, तिथेच त्याची फिलिप्सशी गाठ पडली, आणि ती नोकरी त्याने सोडलीच की. सोडली, पण विद्यापीठात शिकायला गेला, नंतर शिकवायची नोकरीही केली. हे सगळं तूच मला सांगितलंयस, दहावीच्या सुट्टीत, गॅलरीत बसून. बोटांना फोड आले होते तुझ्या. माईने हळद लावून दिली, तरी संध्याकाळी पुन्हा गिटार हातात. मी ओरडलो होतो. आत येऊन मात्र आईला म्हटलं, पोरगा चिवट आहे.

तुमचं नवीन रेकॉर्डिंग चार वेळा ऐकलं. बँकेतल्या जोशींनाही ऐकवलं. दुसऱ्या गाण्यात तू मधेच थांबतोस, तिथे मला वाटलं मोबाइल बंद पडला. आणि मग तो एकच सूर. कुणाकडून शिकलास रे हे?

दादाकाकाचं काय झालं ते तू पाहिलेलं नाहीस, मी पाहिलंय. त्याची पेटी विकायला मीच गेलो होतो. म्हणून जीव घाबरतो, बाकी काही नाही. घराचा हप्ता वगैरे आम्ही बघू, त्याचा विचार करू नकोस. किंवा थोडा कर.

त्या अल्बमच्या नावाचा अर्थ ‘बेपत्ता, मजेत असावेत असा समज’ असा काहीसा होतो ना? काल कव्हर वाचून आईला सांगितला. ती हसली नाही. एक फोन कर तिला.

तुझा,
बाबा

ता. क. तुमच्याकडे नोटीस किती महिन्यांची असते? सहज विचारतोय.