जुलैत येत नाहीये, पण आधी पूर्ण वाचा

आई, बाबा,

फोनवर सांगायला जीभ रेटेना म्हणून लिहितेय. जुलैत आम्ही येत नाहीयोत, तिकिटं कॅन्सल केली. डिसेंबरची बघतेय, नक्की.

पिल्लूची ती खार्किव्हची मैत्रीण आहे ना, तिचे बाबा फ्रंटवर जखमी झालेत, खार्किव्हच्याच हॉस्पिटलमध्ये आहेत. सैन्यात असल्यामुळे त्यांना इकडे येता येत नाही, म्हणून आई निघालीय. युक्रेनमध्ये विमानं २०२२ पासून बंद, त्यामुळे बर्लिनहून पोलंड आणि पुढे ट्रेन, आणि जिथे शाळासुद्धा मेट्रो स्टेशनांत जमिनीखाली भरवाव्या लागतात तिथे पोरीला कशी नेणार? म्हणून सुट्टीभर ती आपल्याकडे राहणार आहे. मी हो म्हणून टाकलंय.

बाबा, तुम्ही म्हणाल परक्यांच्या भांडणात कशाला पडायचं. पण दुसरी पोरही रोज आपल्याकडेच असते हो, बेल्गोरोदची. मध्ये रशियाची सीमा, पण दोन्ही शहरांत अंतर जेमतेम ऐंशी किलोमीटर, नातीगोती दोन्हीकडे. सप्टेंबर २०२२ला तिकडे सक्तीची भरती सुरू झाली तेव्हा तिचा बाप बायकोपोरीला घेऊन बाहेर पडला, काकाला मात्र जावं लागलं. आजी अजून तिथेच. ३० डिसेंबर २०२३ला बेल्गोरोदवर मारा झाला, त्या दिवशी आजीचा फोन लागेपर्यंत ही आपल्याकडे जेवली नव्हती, आणि तिच्या शेजारी न जेवता कोण बसलं होतं, तर खार्किव्हवाली.

दोघींच्या आया एकमेकींशी बोलत नाहीत. मी खार्किव्हच्या बाईला अजिबात दोष देत नाही, हल्ला कोणी केला ते मला नीट कळतं. पण तीच मला म्हणाली, पोरींना खेळू दे, फक्त मला सांगू नकोस. आता सांगा, मी दार कसं लावू?

आई, मोठ्या काकांकडे जायचं नाही असं ठरलं होतं तेव्हा तू मला मागच्या दाराने सोडायचीस. आणि बाबा, तुम्हाला ते माहीत होतं, कारण परत यायला अंधार झाला की मागचा दिवा तुम्हीच लावायचात.

आमची काळजी करू नका. मुलगी शांत आहे, पिल्लूच्याच खोलीत झोपेल, फक्त मोठा आवाज झाला की दचकते.

आता नीट ऐका. मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्यासाठी पुढे ढकलायचं नाही, दादा सुट्टी घेतोय, मी बोललेय. बीपीची गोळी सकाळीच, आठवेल तेव्हा नाही. आई, गुडघा दुखत असताना जिना चढू नकोस. आणि व्हिडिओ कॉलवर पोरीला वडिलांचं काही विचारू नका, बाबा तेव्हा बातम्यांचा टीव्हीही बंद ठेवा, त्यात मध्येच स्फोट दाखवतात. त्यापेक्षा दोघींना पत्त्यातलं काहीतरी शिकवा, भाषांतर पिल्लू करेल.

रविवारी फोन करते. रागावला असाल तरी उचला.

तुमची छकुली