ओटीपी घेतला, टेबल मात्र उभं राहिलं नाही

बडोदे,
४ ऑगस्ट २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी
(आपलं नाव कंपनीच्या संकेतस्थळावर असायला हवं. मला ते कुठेच सापडलं नाही, म्हणून पदनामावर भागवते आहे.)

विषय : विद्यार्थी पॅकेजमधलं कपाट व दोन टेबलं परत नेणे, त्यांची रक्कम परत करणे आणि गाद्या बदलून देणे याबाबत.

महोदय,

१८ जूनला मी आपल्याकडून दोन मुलींच्या फ्लॅटसाठी विद्यार्थी पॅकेज मागवलं. दोन पलंग, दोन गाद्या, दोन अभ्यासाची टेबलं, दोन खुर्च्या आणि एक दोन दारी कपाट, मिळून ४१,९९० रुपये. फिटिंगचे १,४९९ वेगळे. पैसे त्याच दिवशी पूर्ण भरले.

यातली एक मुलगी माझी भाची. सयाजीराव विद्यापीठात फाइन आर्ट्सला तिला प्रवेश मिळाला. दुसरी तिची मैत्रीण, जळगावची. फतेगंजात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत त्यांनी दोन खोल्या घेतल्या. घरमालकाने पंखे, ट्यूबलाइट आणि ओटा दिला, बाकी उघड्या भिंती. सामान भाड्याने घ्यावं का, हेही आम्ही पाहिलं होतं. पण चार वर्षं राहायचं तर भाड्यात गेलेल्या पैशांत दोनदा विकत येईल, असा हिशेब मी केला. ताई लांब, मी दांडिया बाजारात, म्हणून ही जबाबदारी माझ्याकडे आली आणि ऑर्डर माझ्या नावावर गेली. आता ताईला तोंड मीच द्यायचं आहे.

माल २७ जूनला आला. रथयात्रेचा दिवस, निम्मे रस्ते बंद, तेव्हा टेम्पो यायला संध्याकाळचे साडेसात वाजले त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार पुढच्या पाच मिनिटांची आहे. आपला माणूस टेम्पोतून उतरला, खोक्यांना हातही लावला नाही, सरळ माझ्यासमोर फोन धरला. "आंटी, ओटीपी आपी दो ने, मोडुं थाय छे." (ओटीपी द्या ना, उशीर होतोय.) खोकी टेम्पोत, आम्ही फाटकात, वर पावसाची भुरभुर. मी आकडे सांगितले. दोन मिनिटांत माझ्या फोनवर संदेश आला की माल पोहोचला, तपासला गेला आणि फिटिंग यशस्वीरीत्या पूर्ण झाली. त्या वेळी पहिलं खोकं अजून टेम्पोच्या फळीवरून खाली यायचं होतं.

चूक माझीही आहे, ती आधीच कबूल करते. एकतीस वर्षं मी बँकेत होते. कोऱ्या व्हाउचरवर सही करायला आलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांना मी काउंटरवरून परत पाठवलं आहे, "आधी रक्कम लिहा, मग सही" म्हणून. आणि स्वतः मात्र फाटकात उभं राहून कोरी सही देऊन बसले. पण बँकेत ज्याने कोऱ्या कागदावर सही घेतली त्यालाही जाब विचारतात, एवढं मला ठाऊक आहे.

ओटीपी मिळाल्यावर टेम्पोबरोबरचे तिघे म्हणाले, तिसरा मजला आहे, चढवण्याचे सहाशे होतील. पॅकेजच्या पानावर "दारापर्यंत मोफत" असं आहे. कोणाचं दार, ते लिहिलेलं नाही. पाऊस वाढला होता, मी सहाशे दिले. वर गेल्यावर मोजलं तर चिठ्ठीवर अकरा खोकी आणि खोलीत नऊ. सातवं आणि दहावं नव्हतं. तोवर टेम्पो वळून निघून गेला होता.

फिटिंगवाला ३ जुलैला आला, म्हणजे आपल्या नोंदीप्रमाणे फिटिंग पूर्ण होऊन सहा दिवस झाल्यावर. मुलगा सज्जन होता, कामात हात बसलेला. दोन्ही पलंग त्याने तासाभरात उभे केले. पलंग चांगले आहेत, हे मुद्दाम लिहिते. खुर्च्याही चांगल्या आहेत. सातव्या खोक्यात कपाटाची पाठ होती, तिच्याशिवायच त्याने कपाट जोडलं आणि "पाठ दोन दिवसांत येईल" म्हणून सांगितलं. दहाव्यात टेबलांचे मिनिफिक्स, म्हणजे फळ्या एकमेकींना आवळणारे खास स्क्रू, आणि लाकडी खुंट्या. ते नाहीत म्हणून टेबलांना त्याने हात लावला नाही.

आठवडाभर काहीच आलं नाही, तेव्हा मी आमच्या ओळखीचा मिस्त्री नेला. मिनिफिक्स बाजारात मिळतात, रावपुऱ्यातून आणले. तरी टेबल उभं राहिना. मिस्त्रीने बाजूच्या चारही फळ्या जमिनीवर शेजारी शेजारी मांडल्या, एकदा उलट्या करून पाहिल्या, आणि हसायला लागला. चारही डाव्या. छिद्रं चारही फळ्यांना एकाच अंगाला. बडोद्यात किंवा आणखी कुठे एखाद्या घरात चारही उजव्या गेल्या असतील. तशी तक्रार आपल्याकडे आली असेल तर आमचा पत्ता त्यांना जरूर द्या.

मुली सध्या खुर्चीच्या रिकाम्या खोक्यावर लॅपटॉप ठेवून काम करतात. खोक्यावर "ही बाजू वर" असा बाण आहे, त्या बाणावर आता चहाच्या कपाची तीन गोल वर्तुळं उमटली आहेत. भाचीला ड्रॉइंगचा मोठा कागद पसरायचा तर ती फरशीवर पालथी पडते.

कपाटाचं दुखणं याहून मोठं आहे. पाठ ही कपाटाची शोभा नसते. चारही कोन काटकोनात धरून ठेवायचं काम ती करते. ती नाही म्हणून दार उघडलं की अख्खं कपाट पत्त्यांच्या घरासारखं एका अंगाला झुकतं. कपडे भरलेलं कपाट मुलीच्या अंगावर येऊ नये म्हणून मिस्त्रीने मागून दोन आडव्या पट्ट्या मारून दिल्या. दोन फेऱ्या आणि सामान धरून त्याने ९०० रुपये घेतले.

त्याच वेळी त्याने खालच्या फळीवर नख फिरवलं आणि म्हणाला, "बेन, आ तो भूसो छे." माझा विश्वास बसेना. पॅकेजच्या पानावर मोठ्या अक्षरांत "टीक", म्हणजे सागवान, असं आहे. त्याच्या पुढे बारीक अक्षरांत "फिनिश" आहे, ते चष्मा पुसून पाहिल्यावर दिसलं. बिलावर तर तेवढंही नाही, तिथे "इंजिनिअर्ड वुड" आहे. आमच्या बडोद्याकडे संखेडा आहे, सागवानी फर्निचरचं गाव. सागवान लेथवर कसं फिरतं आणि त्याच्यावर लाख कशी चढते, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. सागवानाचा रंग आणि सागवान यांतला फरक आम्हाला कळतो. पानावरचा फोटो पाहून तो कळणार नाही याची काळजी मात्र आपण घेतली आहे.

भुसा दाबून केलेली फळी वाईटच असते असं माझं म्हणणं नाही. चारी कडांना पट्टी नीट बसवलेली असेल आणि फळी कोरडी राहिली तर ती चालते. या कपाटाला पाय नाहीत. खालची फळी थेट फरशीवर टेकते आणि तिच्या खालच्या कडेला पट्टीच नाही. पावसाळा, त्यात रोज फरशी पुसायची, म्हणजे पाणी तिथून शोषलं जाणारच. २४ जुलैला, बसवल्यापासून तीन आठवड्यांनी, डाव्या कोपऱ्याची कड चहात बुडवलेल्या टोस्टसारखी फुगलेली दिसली. यजमानांच्या जुन्या व्हर्नियरने मोजली. कोरड्या बाजूला १८ मिलिमीटर, फुगलेल्या बाजूला २३. वरचा कागद सुटून वळला आहे आणि बोट लावलं की पिवळसर भुगा पडतो. अशा भुशाच्या फळीसाठी, म्हणजे पार्टिकल बोर्डासाठी, आयएस ३०८७ हे भारतीय मानक आहे. आपल्या फळीवर मला तसली कुठलीच खूण मिळाली नाही.

आता गाद्या. पलंगाचं आतलं माप ७५ इंच, गाद्या ७२ इंचांच्या. दोन्ही मापं बाजारात चालतात, पण एकमेकांत नाहीत. डोक्याकडे गादी सरकवली तर पायाकडे तीन इंचांची फट राहते. जळगावची मुलगी उंच आहे, तिची टाच रात्री त्या फटीत जाते. दोघींचे मिळून एक फोन, दोन पेन्सिली आणि एक चार्जर आतापर्यंत तिथून खाली गेले आहेत.

हे सगळं मी आपल्याला तीनदा कळवलं. २७ जूनच्या रात्रीची तक्रार २९ला बंद झाली. कारण दिलं, "ग्राहकाने ओटीपी देऊन माल तपासून स्वीकारला." १ जुलैची दुसरी तक्रार ७ तारखेला बंद, कारण खोकी उघडतानाचा व्हिडिओ मी पाठवला नाही. जे खोकं आलंच नाही ते उघडतानाचा व्हिडिओ कसा काढतात, ते मी चॅटमधल्या यंत्राला विचारलं. त्याने मला सोफ्यावरची सूट दाखवली. फुगलेल्या कपाटाची तिसरी तक्रार २८ जुलैला बंद झाली आणि खाली हसरा चेहरा टाकून विचारलं होतं की आमच्या सेवेला किती तारे द्याल.

तिसऱ्या वेळी फोनवरच्या ताईंनी एक तोडगा सुचवला, तो इथे नोंदवते. तंत्रज्ञ येऊन कपाट सोडवेल आणि खालची फळी बदलून परत जोडेल. मी नाही म्हटलं, त्याचं कारण आपल्या तंत्रज्ञालाच विचारा. अशा फळीत एकदा काढलेला स्क्रू त्याच छिद्रात पुन्हा घट्ट बसत नाही, भुसा सुटतो आणि पकड जाते. दारांचे बिजागर तसे सोडून बसवले तर दिवाळीपर्यंत दार हातात येईल. मला दुरुस्ती नको आहे.

आणखी एक. बिलात ७९९ रुपयांची "वाढीव वॉरंटी" आहे. ती मी मागितली नव्हती. पैसे भरायच्या पानावर त्या चौकटीत आधीच खूण केलेली होती. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० अशा आधीच केलेल्या खुणेला ग्राहकाची संमती मानत नाहीत. त्याच नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. माझी पहिली तक्रार २७ जूनची आहे, महिना उलटून गेला. माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर तो परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, हेही त्यातच आहे. "टिकेट बंद केलं" म्हणजे निवारण झालं, असं त्यात कुठे दिसलं नाही. ओटीपीने फार तर टेम्पो फाटकापर्यंत आला हे सिद्ध होतं. आत किती खोकी होती आणि फळ्या डाव्या की उजव्या, हे त्या सहा आकड्यांना कसं कळणार?

माझी मागणी अशी. कपाट आणि दोन्ही टेबलं आपल्या खर्चाने परत न्यावीत. बिलाप्रमाणे कपाटाचे १३,२०० आणि टेबलांचे १०,९००, मिळून २४,१००. त्यात फिटिंगचे १,४९९, जिन्याचे ६००, मिस्त्रीचे ९०० आणि न मागितलेल्या वॉरंटीचे ७९९ मिळवले की २७,८९८ रुपये होतात. ते ज्या खात्यातून आले त्याच खात्यात जमा करावेत. आपल्या ॲपमधल्या पाकिटात नकोत, कारण तिथून पुन्हा आपलंच कपाट घ्यावं लागेल. पलंग आणि खुर्च्या आम्ही ठेवतो. गाद्या ७५ इंचांच्या बदलून द्याव्यात.

हे पत्र रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने पाठवते आहे. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करून बडोद्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. मी राहते तिथे तक्रार दाखल करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही. वकिलाची गरज पडेल असं वाटत नाही. निवृत्त माणसाकडे वेळ असतो, आणि कागद लावून फाइल करायची सवय माझी अजून गेलेली नाही.

माल न्यायला माणसं पाठवाल तेव्हा संध्याकाळी सहानंतर पाठवा, दिवसा मुली कॉलेजात असतात. आदल्या दिवशी मला फोन करा, म्हणजे कपाट रिकामं करून ठेवता येईल. ते सोडवताना मागच्या दोन पट्ट्या आधी काढू नका, अंगावर येईल. आणि ओटीपी मी सगळं सामान जिना उतरून टेम्पोत चढल्यावर, मोजून, देईन.

आपली ग्राहक
(नाव, पत्ता आणि फोन ऑर्डरवर आहेत.)

सोबत : बिलाची प्रत, पॅकेजच्या पानाचे १८ जूनचे स्क्रीनशॉट, अकरा खोक्यांची चिठ्ठी, तिन्ही तक्रारींचे संदेश, मिस्त्रीची पावती, फुगलेल्या कडेचे आणि चारही डाव्या फळ्यांचे फोटो.