बेड्या निघाल्या, झोपेचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

5 फेब्रुवारी 2025 ला अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं, आत बेकायदा राहिले म्हणून परत पाठवलेले 104 भारतीय, हातात बेड्या पायात साखळ्या, त्यातले तिघं आपल्या महाराष्ट्रातले. चार दिवस टीव्हीवर आरडाओरडा झाला आणि मग सगळे विसरले. मी बडोद्याला राहतो, इथं ‘डंकी’ (म्हणजे एजंटला पैसे देऊन चोरवाटेनं परदेशात शिरणं) हा शब्द शेंबड्या पोरालाही माहितीय. आमच्या सोसायटीतला एक मुलगा असाच परत पाठवलेला. अजून बूट उशाशी ठेवून झोपतो, कारण पनामाजवळच्या डारिएनच्या जंगलात बूट गेले की माणूस गेला म्हणे. बेल वाजली की उठून आतल्या खोलीत जातो. आई म्हणते, जेवतो ना नीट, मग झालं! (आपल्याकडे जेवला म्हणजे बरा, हे एक भारीच आहे.) त्यात जमीन विकून एजंटला पैसे दिलेले, त्यामुळं घरात कोणी ओरडत नाही पण धड बोलतही नाही, आणि तेच त्याला जास्त लागतं.

उतरल्यावर एजंट कोण, पैसे किती, सगळं विचारून झालं, बरोबरच आहे ते, पण झोप लागते का हे कुणी विचारलं नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, 24 तास चालू, मराठी-गुजरातीतही बोलतात, त्याचा साधा कागद तरी तिथंच हातात द्या की. आणि पेपरवाल्यांनो, तुम्हीपण या पोरांचे चेहरे छापू नका, आमच्या सोसायटीतल्या ह्या मुलानं त्या फोटोपायी दाढी वाढवलीय.

– एक वाचक, बडोदा