बाबांच्या अभंगासाठी

मडगाव

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, भजनी सप्ताहात या खेपेला स्वतः रचलेला अभंग म्हणायचा म्हणता, तर चालीपासून सुरुवात करू नका. चाल आधी सुचली की ती बहुतेक वेळा ऐकलेलीच असते.

आधी 'मोठा अभंग' या छंदातला आवडीचा एखादा अभंग घ्या आणि कागदावर अक्षरं मोजा. तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला. जोडाक्षर एकच धरायचं. हा सांगाडा कोणाच्या मालकीचा नाही, तो बिनधास्त उचला. उदाहरणादाखल:

जाई दारापाशी, रात्रभर जागे,
नाव तुझे सांगे, वाऱ्यालागी.

आता भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत सहा अक्षरं बसवायची. पहिल्या चार अक्षरांना एकेक मात्रा, शेवटच्या दोघांना दोन-दोन. म्हणून पहिल्या तीन चरणांची शेवटची दोन अक्षरं दीर्घच हवीत: पाशी, जागे, सांगे. तिथे 'उमल' असा शब्द आला तर 'म' नि 'ल' ताणावे लागतात आणि शब्द ओळखू येत नाही. 'तुझे'मधला 'तु' ताणला की 'तू' होतो, तेही कानाला खटकतं. चौथा चरण चार मात्रांत संपवा. उरलेल्या चार मात्रा टाळकऱ्यांना, आणि तुम्हाला श्वासाला. आकडा भरायला 'हा', 'तो', 'आणि' घुसवू नका. त्यातलं एखादं समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, पडलं की सगळी ओळ पोकळ वाटते.

दुसऱ्यांचं ऐकताना एकाकडून एकच गोष्ट घ्या. आपल्या मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकीबुवांच्या चाली ऐकाल (१९६४च्या 'मत्स्यगंधा' नाटकाची पदं घरात आहेतच) तेव्हा फक्त शब्द कुठे तोडलेत, श्वास कुठे घेतलाय एवढंच टिपा. आपल्या कोंकणी गाण्यांत मांडो संथ चालतो आणि त्याच्या मागून येणारं दुलपद लय वाढवतं. शेवटच्या कडव्याला ती युक्ती वापरा. एकाच गाण्याचे शब्द, ताल, सूर तिन्ही घेतले तर नक्कल होते.

चालीला भूप राग सोपा, त्यात म आणि नी नाहीत. पण धैवतावर (ध) फार रेंगाळू नका, त्याच सुरांचा देसकार राग डोकावतो. (भजनात कोणी पकडणार नाही म्हणा, पण तुम्हालाच रुखरुख लागेल.) मध्य सा ते तार सा एवढीच झेप ठेवा. काळी एकमध्ये वरचा सा ओढून लागत असेल तर पेटी अर्धा सूर खाली, पांढरी एकवर घ्या, लाजू नका.

आई, तुझं काम शेवटी. बाबांनी चाल शब्दांशिवाय नुसती गुणगुणायची आणि तू ऐकायची. तुझ्या तोंडून दुसऱ्याच गाण्याचं नाव निघालं, तर ते गाणं जिथे आठवलं तेवढीच जागा बदलायची, सगळी चाल नाही. आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. सकाळी सुचलेली चाल दुपारच्या झोपेनंतर राहत नाही.

तुमची,
बाय