‘इको’ची पाटी नको, सांडपाण्याचा कागद दाखवा

संपादक महोदय,

दिवाळीच्या सुटीची आरक्षणे सुरू झाली की कोकण, महाबळेश्वर आणि गोव्यातल्या हॉटेलांच्या जाहिरातींत ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन स्टे’, ‘निसर्गस्नेही’ हे शब्द हमखास दिसू लागतात. पर्यावरणाची काळजी म्हणून चार पैसे जास्त मोजणारी कुटुंबे आहेत, याचा आनंदच आहे. मात्र त्या पैशांत नेमके काय मिळते हे तपासणारे फार थोडे. ही तपासणी अवघड नाही. आरक्षणाआधी अर्धा तास आणि हॉटेलला एक फोन एवढ्यात बरेच कळते.

आधी बोधचिन्हांविषयी. जागतिक शाश्वत पर्यटन परिषद, म्हणजे जीएसटीसी, स्वतः कोणत्याही हॉटेलला प्रमाणपत्र देत नाही. ती निकष ठरवते आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना मान्यता देते. त्यामुळे जाहिरातीत नुसते ‘जीएसटीसी’ दिसले, तर प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे, हा पहिला प्रश्न. ‘ग्रीन की’, ‘ट्रॅव्हलाइफ’, ‘अर्थचेक’ यांपैकी कोणाचे नाव सांगितले, तर त्या संस्थेच्याच संकेतस्थळावर हॉटेल शोधा. हॉटेलच्या पानावरचे चित्र पुरावा नव्हे. हॉटेलचे नाव, गाव आणि मुदत या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. साखळी हॉटेलांत एका शाखेचे प्रमाणपत्र दुसऱ्या शाखेच्या जाहिरातीत सर्रास वापरले जाते, मुदत संपलेले चिन्ह तर वर्षानुवर्षे तसेच राहते. ‘सदस्य’, ‘भागीदार’ किंवा ‘पुरस्कारप्राप्त’ म्हणजे प्रमाणित नव्हे.

आयजीबीसी, ‘गृह’ आणि ‘लीड’ ही हरित बांधकामाची मानांकने मुळात इमारतीची. नव्या बांधकामाला मिळालेले मानांकन भिंती, काच, नळ, दिवे यांच्या आराखड्याबद्दल सांगते. दहा वर्षांनी ते हॉटेल रोज कसे चालते याबद्दल नाही. चालू इमारतीसाठी या पद्धतींत वेगळे मानांकन असते, ते आहे का हे विचारावे. आयएसओ १४००१ हे व्यवस्थापनाच्या पद्धतीचे प्रमाणपत्र आहे, त्यात पाणी किंवा वीज किती वापरावी याचा ठरलेला आकडा नसतो. आरक्षणाच्या संकेतस्थळांवरची हिरव्या पानांची चिन्हेही पारखून घ्यावीत. बुकिंग डॉट कॉमने २०२१ मध्ये हॉटेलांना स्वतःची शाश्वतता-श्रेणी देणे सुरू केले होते. नेदरलँड्सच्या ग्राहक प्राधिकरणाने ते दिशाभूल करणारे ठरू शकते असे सांगितल्यावर २०२४ मध्ये ते बंद करावे लागले.

खरी परीक्षा मात्र सांडपाण्याची. किनाऱ्यावर किंवा डोंगरमाथ्यावर हॉटेल सर्वांत जास्त हानी करते ती इथे, आणि जाहिरातीत याबद्दल अवाक्षर नसते. हिशेब साधा आहे. राष्ट्रीय इमारत संहिता तीन तारांपर्यंतच्या हॉटेलसाठी माणशी रोज १८० लिटर पाणी धरते, चार तारे आणि त्यावरच्या हॉटेलसाठी ३२०. चाळीस खोल्या भरल्या की ऐंशी माणसे, म्हणजे १४,४०० लिटर. त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी होते, साधारण साडेअकरा हजार लिटर. उपाहारगृह बाहेरच्या गिऱ्हाइकांना खुले असेल, तर आणखी. अशा हॉटेलचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, म्हणजे एसटीपी, रोज पाच हजार लिटरचाच असेल, तर हंगामात उरलेले पाणी जाते कुठे? उत्तर बहुधा मागच्या वहाळात किंवा शोषखड्ड्यात असते. कोकणातला जांभा सच्छिद्र. शोषखड्ड्यातले पाणी त्यातून शेजारच्या विहिरीत झिरपायला वेळ लागत नाही.

नुसता प्रकल्प असूनही भागत नाही. घाण खाणाऱ्या जिवाणूंना सतत हवा लागते, आणि वीजबिल वाचवायला रात्री टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवला की ते मरतात, टाकी नासते. मग संध्याकाळी बागेत दुर्गंधी येते, तिच्यावर सुगंधी फवारा मारला जातो. स्वयंपाकघराच्या नळीवर तेल-चरबी अडवणारा ग्रीस ट्रॅप नसेल किंवा तो वेळच्या वेळी साफ होत नसेल, तर तेलाचा थर बसून टाकीचे काम थंडावते. फिनाइल आणि ब्लीच सढळ हाताने ओतल्यासही जिवाणू मरतात. पावसाळ्यात बंद राहणाऱ्या हॉटेलांत तर हंगाम सुरू होताना जिवाणू नव्याने वाढवावे लागतात आणि त्याला दोन-तीन आठवडे जातात. दिवाळीच्या आदल्या दिवशी यंत्रणा सुरू केली, तर सुटीभर पाणी जवळपास जसेच्या तसे बाहेर पडते.

म्हणून फोनवर एवढे विचारा: एसटीपी किती क्षमतेचा, ब्लोअर रात्री चालतो का, शुद्ध केलेले पाणी कुठे वापरता, गाळ शेवटचा कधी काढला, आणि प्रयोगशाळेचा ताजा अहवाल दाखवाल का. जो प्रकल्प खरेच चालवतो, त्याच्याकडे ही उत्तरे तयार असतात. फोन उचलणाऱ्याला माहीत नसतील तर देखभाल विभागाच्या माणसाला फोन दिला जातो. त्याहून पक्का कागद म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र, ‘कन्सेंट टू ऑपरेट’. त्यात रोज किती सांडपाण्याला परवानगी आहे, एसटीपीची क्षमता, शुद्ध पाण्यातल्या बीओडीची (पाण्यात उरलेली घाण कुजायला किती प्राणवायू लागतो त्याचे माप) मर्यादा आणि संमतीची मुदत लिहिलेली असते. अहवालातला बीओडीचा आकडा या मर्यादेशी ताडून पाहावा. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टबाबत आणखी एक प्रश्न: पाणी कुठून? सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, नियमांप्रमाणे भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत रिसॉर्टने भूजल उपसायचे नाही. तिथे बोअरवेल उपसली की खारे पाणी आत सरकते आणि भोगावे लागते गावाला.

‘शंभर टक्के सौर’ या दाव्याची पडताळणी तर घरबसल्या होते. नकाशाच्या उपग्रह-चित्रात हॉटेलचे छप्पर पाहा. एक किलोवॉटच्या पॅनलना साधारण दहा चौरस मीटर जागा लागते आणि त्यातून दिवसाला सुमारे चार युनिट वीज मिळते. दहा किलोवॉट म्हणजे चाळीस युनिट. दीड टनी एसी रात्री आठ तास चालला तर पाच युनिट धरा. वीस खोल्यांचे शंभर झाले, आणि फ्रीज, पंप, धुलाई अजून मोजलेच नाही.

टॉवेल पुन्हा वापरा, अशी चिठ्ठी असणे चांगलेच, पण तेवढ्यावर हॉटेल हरित होत नाही. प्लॅस्टिकचे स्ट्रॉ आणि काटे-चमचे नसणे हा तर १ जुलै २०२२ पासून देशभर लागू असलेला कायदा आहे, त्याचे वेगळे श्रेय कशाला?

छोट्या न्याहारी-निवासांना हीच फूटपट्टी लावू नये, असे मला मनापासून वाटते. चार खोल्यांच्या घराला परदेशी संस्थेची तपासणी परवडत नाही आणि त्याची गरजही नसते. तिथे सेप्टिक टँक आणि शोषखड्डा विहिरीपासून किती दूर आहे ते पाहावे. भारतीय मानकात शोषखड्ड्यासाठी किमान अंतर १८ मीटर आहे; जांभ्यात त्याहून जास्त असलेले बरे. ओला कचरा परसातच जिरतो का आणि मासळी-भाजी गावातून येते का, हेही विचारावे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’ असे शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. त्यांचा आधार जाहिरातीत किंवा क्यूआर कोडमागे द्यावा लागतो. हॉटेलने पुरावा द्यायला नकार दिला, तर जाहिरातीचे छायाचित्र जपून ठेवावे आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवावी.

राज्याच्या पर्यटन विभागाला एक विनंती. विभागाकडे नोंदणी असलेल्या प्रत्येक हॉटेलच्या नावासमोर त्याच्या संमतिपत्राचा दुवा आणि मुदत द्यावी, आणि त्याचाच क्यूआर कोड स्वागतकक्षात लावणे बंधनकारक करावे. कागद प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहेतच, फक्त पर्यटकाला दिसतील अशा जागी आणायचे आहेत.

– सांडपाणी शुद्धीकरण क्षेत्रातील एक अभियंता, रत्नागिरी