नवी सिस्टीम घरच्यांच्या हाती देताना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विंडोज १० चा मोफत आधार (सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि घरोघरचे जुने कॉम्प्युटर बदलण्याची लगबग सुरू झाली. कुठे विंडोज ११ चढवले जाते, कुठे मशीन त्याच्या अटींत बसत नाही म्हणून लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम. बदल करणारा असतो घरातला मुलगा, मुलगी किंवा भाचा; रोज वापरणारे असतात आईवडील, काका, आत्या. सुटीच्या एका संध्याकाळी काम उरकते, दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात आणि आठवडाभरात 'त्यांना नवीन काही जमतच नाही' असा शेरा मारून मंडळी मोकळी होतात. कॉम्प्युटर देखभालीच्या कामात असलेल्यांना हा शेरा चुकीच्या माणसावर मारलेला दिसतो. सिस्टीम, प्रोग्राम, फोल्डरच्या जागा, पासवर्ड आणि प्रिंटर असे पाचही एका दमात बदलले, तर नेमके काय अडले हे बदलणाऱ्यालाही सांगता येत नाही. मग वापरणाऱ्याने ते कसे सांगावे? म्हणून हे पत्र मुख्यतः क्रमाविषयी आहे.

आधी घाई आहे का ते पाहावे. विंडोज १० च्या घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाली होती. त्यासाठी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवावे लागते. विंडोज ११ ला टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप), सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचे बोलायचे तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर चालतात. पुष्कळ मशीनमध्ये टीपीएम असतो, पण बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद असतो. इंटेलच्या बोर्डावर त्याचे नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. मात्र बायोसला हात लावण्यापूर्वी डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या कुलुपाने, बंद आहे का, हे तपासलेच पाहिजे. तशी असेल तर बदलानंतर मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती बहुधा त्या व्यक्तीच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते आणि त्या खात्याचा पासवर्ड घरात कोणाला आठवत नाही. ही की आधी कागदावर उतरवावी, मगच बायोस उघडावा. अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या इंटरनेटवर भरपूर सापडतात. स्वतःच्या मशीनवर खुशाल कराव्यात. आईच्या मशीनवर नकोत. अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही, आणि एखादे अपडेट अडकते तेव्हा युक्ती करणारा घरात नसतो.

यानंतर वही घेऊन शेजारी बसावे आणि ही व्यक्ती कॉम्प्युटरवर काय काय करते ते आठवडाभर टिपावे. प्रोग्रामची नावे नकोत, कामे लिहावीत. 'वर्ड लागते' या नोंदीचा उपयोग नाही. 'जुने पत्र उघडून तारीख बदलते, दोन प्रती छापते' ही उपयोगाची नोंद. अशा पाहणीत एक गोष्ट हमखास कळते: अनेकांना आपली फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे हे ठाऊकच नसते. ते वर्ड उघडतात आणि 'रिसेंट'च्या यादीतून फाइल निवडतात. नव्या सिस्टीममध्ये ती यादी रिकामी असते. फाइल जागच्या जागी असूनही 'माझे सगळे गेले' असा आकांत होतो तो यामुळे. रोजच्या पंधरा-वीस फाइलींचे शॉर्टकट एका फोल्डरमध्ये घालून तो डेस्कटॉपवर ठेवला, की हा प्रश्न संपतो.

लिनक्सकडे जायचे ठरले असेल तर आधी प्रोग्राम बदलावेत, सिस्टीम नंतर. फायरफॉक्स (ब्राउझर), लिबरऑफिस (वर्डसारखी कामे), थंडरबर्ड (ईमेल) आणि व्हीएलसी (व्हिडिओ) हे चारही विंडोजवर चालतात आणि लिनक्सवरही. जुन्याच विंडोजमध्ये ते तीन-चार आठवडे वापरू द्यावेत. काही अडले तर जुना प्रोग्राम बाजूलाच असतो, त्यामुळे भीती वाटत नाही. आणि सिस्टीम बदलते त्या दिवशी निम्मी ओळख झालेली असते. लिबरऑफिसमध्ये दोन गोष्टी पहिल्याच दिवशी कराव्यात. टूल्स, ऑप्शन्स, लोड-सेव्ह, जनरल येथे जाऊन फाइल कायम वर्डच्या स्वरूपात साठव असे सांगावे. नाहीतर पाठवलेली फाइल समोरच्याकडे नीट उघडेलच असे नाही आणि दोष पाठवणाऱ्याला लागतो. व्ह्यू, यूझर इंटरफेस येथे 'टॅब्ड' निवडले की वरची पट्टी वर्डसारखी दिसते. कॅलिब्री आणि कँब्रिया या फॉन्टच्या जागी कार्लिटो आणि कॅलाडिया आहेत ना, तेही पाहावे. त्यांच्या अक्षरांची रुंदी मूळ फॉन्टइतकीच ठेवलेली आहे, त्यामुळे एका पानाचे पत्र दुसऱ्या पानावर सांडत नाही.

मराठीचे काम असेल तर खरी मेख फॉन्टमध्ये आहे. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखा वाचता येणारा, नसतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर त्याच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे विस्कटलेली दिसतात. फाइल खराब झालेली नसते. फॉन्टच्या फाइली नव्या मशीनवर नेल्या की मजकूर वाचता येतो, पण त्यात नवीन टाइप करायला जुना कीबोर्ड प्रोग्राम लागतो आणि तो लिनक्सवर चालेल असे धरून चालू नये. महत्त्वाची पत्रे कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणून, जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासून ठेवावीत. कन्व्हर्टर नेमके तिथेच घसरतात. टाइप करण्यासाठी इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड दोन्हीकडे आहे. रोमन अक्षरांत 'majhe' लिहून 'माझे' उमटवण्याची सवय असेल, तर विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच मिळतो आणि लिनक्समध्ये आयबस व एम१७एन हे टायपिंगचे प्रोग्राम बसवून तशी सोय होते. दोन्हींतले स्पेलिंगचे नियम मात्र थोडे वेगळे आहेत. 'ळ', 'ज्ञ', 'ऱ्य' कसे उमटतात हे आधी स्वतः तपासून एका चिठ्ठीवर लिहून द्यावे.

आता माल हलवण्याविषयी. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) चालू असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर गुपचूप त्यात गेलेले असू शकतात. ज्या फाइलीसमोर ढगाचे चिन्ह दिसते ती डिस्कवर नसतेच, दिसते ते नुसते नाव. आधी राइट-क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडावे, फाइली पूर्ण उतरू द्याव्यात आणि मगच बाहेरच्या डिस्कवर कॉपी काढावी. क्रोमचा प्रोफाइल फोल्डर उचलून नेला की पासवर्डही येतील, हा दुसरा गैरसमज. ते त्या विंडोज खात्याच्या किल्लीने कुलूपबंद असतात, दुसरीकडे उघडत नाहीत. सिंक (खात्यामार्फत आपोआप नेणे) वापरावे किंवा पासवर्ड एक्स्पोर्ट करावेत, म्हणजे फाइलमध्ये काढावेत. एक्स्पोर्टची फाइल साध्या मजकुराची असते, कोणीही वाचू शकते. काम होताच ती रिसायकल बिनमधूनही काढून टाकावी. जुन्या आउटलुकची टपाल पीएसटी फाइलमध्ये असते, ती शोधून वेगळी ठेवावी. बॅकअप दोन ठिकाणी हवा. शक्य असेल तर जुनी डिस्क तशीच काढून ठेवावी आणि नवीन एसएसडीवर (वेगवान डिस्कवर) सिस्टीम बसवावी. वेगातला फरक लगेच जाणवतो आणि वापरणारी व्यक्ती नव्या बदलाकडे जरा प्रेमाने पाहते.

विंडोज १० वरून ११ वर गेल्यास मागे फिरायला फक्त १० दिवस मिळतात. घरच्या माणसाचे मत बनायलाच दोन आठवडे लागतात, तेव्हा ही मुदत अपुरी आहे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड खिडकी उघडून डीआयएसएम या विंडोजच्या देखभाल साधनाच्या आज्ञेने ती ६० दिवसांपर्यंत नेता येते. पण ते पहिल्या १० दिवसांतच केले पाहिजे आणि डिस्क क्लीनअपमध्ये 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' पुसायचे नाही.

लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता चालवून पाहता येते. या चाचणीत नुसते सुंदर दिसते म्हणून खूश होऊ नये. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागे होते का, आणि सर्वांत आधी प्रिंटर, हे तपासावे. नेटवर्कवरचे नवे प्रिंटर बहुधा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) न मागता चालतात. जुने स्वस्त लेझर प्रिंटर त्रास देतात, कारण त्यांचे बरेच काम कॉम्प्युटरकडून करून घेतलेले असते. एचपी लेझरजेट १०२० ला एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरखेरीज वेगळे प्लगइन (जोड-प्रोग्राम) लागते; ते नसेल तर प्रिंटर यादीत दिसतो, काम स्वीकारतो आणि कागद मात्र बाहेर येत नाही. कॅनन एलबीपी २९०० ला कॅप्ट नावाचा ड्रायव्हर स्वतंत्रपणे बसवावा लागतो आणि तो पुढच्या प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर तपासावा लागतो. डिजिटल सहीचे टोकन वापरात असेल तर त्याचीही चाचणी याच वेळी घ्यावी. ते चालत नसेल तर त्या मशीनवर विंडोजच ठेवावे, हट्ट नको. दोन्ही सिस्टीम शेजारी ठेवण्याचा मधला मार्ग मात्र ज्येष्ठांसाठी आम्हाला पटत नाही. विंडोजचे फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता लवकर सुरू होण्याची सोय) चालू राहिले तर लिनक्सला त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही, दोघांत घड्याळाची वेळ चुकते, आणि सुरू होताना रोज एक प्रश्न विचारला जातो.

पहिल्या दिवसाची मांडणी स्वतः करून द्यावी. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, टास्कबार बिहेविअर्स येथे स्टार्टचे बटण पुन्हा डावीकडे आणता येते. राइट-क्लिक केल्यावर कट, कॉपी, पेस्ट नेहमीच्या यादीत नसतात, मेनूच्या कडेला लहान चित्रे दिसतात (नव्या आवृत्तीत त्यांच्यासोबत नावेही असतात). ती आवर्जून दाखवावीत. जुना पूर्ण मेनू 'शो मोअर ऑप्शन्स'खाली आहे. अक्षर मोठे करण्यासाठी स्क्रीनचे रेझोल्यूशन कमी करू नये, सगळे धूसर दिसते. स्केल १२५ किंवा १५० टक्के करावे. हात थरथरत असेल तर दोन क्लिकमध्ये चालणारा वेळ वाढवावा. तेवढ्याने भागले नाही तर एका क्लिकने फाइल उघडण्याची सोय विंडोजमध्ये आणि मिंटच्या निमो या फाइल पाहण्याच्या प्रोग्राममध्येही आहे. वॉलपेपर जुनाच ठेवावा. डेस्कटॉपवर सहा-सातच चिन्हे, आणि त्यांची नावे कामाची: 'पत्रे', 'फोटो', 'ईमेल'. लिनक्सला विंडोजचा हुबेहूब मुखवटा चढवण्याची हौस काहींना असते. त्याने फसगत होते. माणूस सी ड्राइव्ह शोधत बसतो आणि डाउनलोड केलेली ईएक्सई (विंडोजच्या प्रोग्रामची) फाइल उघडत नाही म्हणून मशीनला दोष देतो. बटणे ओळखीच्या जागी असावीत, पण सिस्टीम वेगळी आहे हे स्पष्ट सांगावे.

शिकवताना माउस शिकणाऱ्याच्याच हातात राहिला पाहिजे. 'दे इकडे' म्हणून माउस घेतला की काम होते, पण हाताला वळण लागत नाही. एका कामाची एकच वाट दाखवावी. राइट-क्लिकनेही होते, कंट्रोल-सीनेही होते, मेनूतूनही होते असे तीन रस्ते सांगणारा जाणकार ठरतो आणि ऐकणारा गोंधळतो. टिपण त्यांनी त्यांच्या वहीत, त्यांच्या शब्दांत लिहावे. 'निळ्या चौकोनावर दोनदा' असे लिहिले असेल तर तसेच राहू द्यावे. खिडकीत काही संदेश आला, तर तो बंद करण्यापूर्वी मोबाइलने फोटो काढायचा, ही एक सवय लागली की फोनवरची निम्मी चौकशी वाचते. केलेली चूक मागे घेणारे कंट्रोल-झेड पहिल्याच दिवशी शिकवावे.

रोजचे खाते साधे असावे, ॲडमिनिस्ट्रेटरचे वेगळे. मिंटमध्ये टाइमशिफ्ट हा प्रोग्राम सिस्टीमची आठवड्याला एक नोंद घेईल असे लावावे. अपडेटने काही बिघडले तर सिस्टीम मागच्या स्थितीत नेता येते. मात्र त्यात घरच्यांच्या फाइली मूळ सेटिंगनुसार येत नाहीत, त्यांचा बॅकअप वेगळाच.

दुरून मदत करण्यासाठी विंडोजमध्ये क्विक असिस्ट हा प्रोग्राम आहे. तो मदत करणाऱ्याने उघडून कोड द्यायचा असतो. लिनक्सवर रस्टडेस्कसारखा प्रोग्राम चालतो. हेच प्रोग्राम फसवणारेही वापरतात. त्यामुळे घरातला नियम लेखी हवा: मदत हवी असेल तर फोन आपण करायचा, तोही वहीत लिहिलेल्या नंबरवर. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' असा फोन आला तर काही न बोलता ठेवायचा. पूर्ण स्क्रीनभर भोंगा वाजवणारी सूचना आली, तर तिच्यातल्या नंबरवर फोन न करता एस्केपची कळ थोडा वेळ दाबून धरायची, मग ऑल्ट-एफ४. तरीही गेली नाही तर बंद करण्याचे बटण दाबून धरून मशीन सरळ बंद करायचे, आणि पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझरने जुनी पाने परत उघडू का असे विचारले, तर नाही म्हणायचे.

कळावे,
कॉम्प्युटर देखभालीच्या कामातील काही वाचक