लॉकचा लाल दिवा पुन्हा लावणाऱ्या ताईंस

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी अंकांचे शेवटचे फर्मे प्रेसला गेले, उधारीचे हिशेब आटोपले आणि आता कुठे हे पत्र लिहायला सवड झाली. माझे जुने अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चालते करून दिल्याबद्दल फोनवर मी धन्यवाद म्हणालो होतो, पण तेवढ्याने माझे समाधान झाले नाही. शिवाय माझ्यासारखेच जुन्या विंडोजवर अक्षरजुळणी करणारे सात-आठ जण ‘तुम्ही नेमके काय केलेत’ म्हणून विचारत असतात. त्यांनाही वाचता यावे, म्हणून हे पत्र उघडे लिहितो आहे.

माझे मशीन विंडोज ७ चे, तेही ३२ बिटांचे. त्याचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजीच थांबले होते, पण पाने लागत होती, त्यामुळे मला त्याचे काही वाटले नाही. चिमटा बसला तो क्रोममुळे. विंडोज ७ वर १०९ च्या पुढची आवृत्ती मिळत नाही. त्यामुळे आधी बँकेचे संकेतस्थळ रुसले आणि मग लेखकांनी पाठवलेले मजकुराचे दुवेही उघडेनासे झाले. गावातल्या एका दुकानदाराने ‘सगळे फॉरमॅट करून नवीन विंडोज टाकतो, संध्याकाळी घेऊन जा’ असे सांगितले होते आणि मी वायरी सोडवायलाही घेतल्या होत्या. त्या दिवशी आमच्या त्रैमासिकाच्या संपादकांनी मला थांबवून तुमचा नंबर दिला नसता, तर सी ड्राइव्हमधल्या फाँट फोल्डरसह वीस वर्षांचे काम त्या संध्याकाळी पुसले गेले असते.

तुम्ही आलात आणि मशीनला हातही न लावता कोरा कागद मागितलात. “काका, सकाळी मशीन सुरू केल्यापासून रात्री बंद करेपर्यंत काय काय उघडता, ते क्रमाने सांगा.” मला हा वेळेचा अपव्यय वाटला होता, हे आता कबूल करतो. पाने लावायचे पेजमेकर ७, टाइपरायटरच्या कळफलकावर चालणारे आणि यूएसबी लॉक, म्हणजे परवान्याची खोचायची किल्ली, लावल्याशिवाय न उघडणारे मराठी सॉफ्टवेअर, फोटोंसाठीचा जुना स्कॅनर आणि छपाईसाठी ट्रेसिंग कागदावर पाने काढायचा, २५ पिनांच्या केबलचा लेझर प्रिंटर, एवढे त्या कागदावर उतरले. कोणते चालेल, कोणते अडेल, हे तुम्ही नवे मशीन घेण्याआधीच त्यावर लिहून ठेवले होते आणि त्यातली एकच गोष्ट चुकली.

जुने सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालतच नाही, अशी माझी समजूत होती. नवी, ६४ बिटांची विंडोज जुने, ३२ बिटांचे प्रोग्रॅम बहुधा विनातक्रार चालवते. त्याहून जुने, १६ बिटांचे मात्र मुळीच चालवत नाही, आणि काही जुन्या सॉफ्टवेअरचा केवळ इन्स्टॉलर १६ बिटांचा असल्यामुळे ते दारातच अडते, हे मला तुमच्याकडून कळले. ड्रायव्हरची, म्हणजे जोडलेल्या उपकरणाची विंडोजशी गाठ घालून देणाऱ्या प्रोग्रॅमची, गोष्ट आणखी वेगळी. तो विंडोजच्या गाभ्यात बसून काम करतो, म्हणून तो ६४ बिटांचा आणि डिजिटल सहीचाच असावा लागतो. “प्रोग्रॅम हा पाहुणा, त्याची बोली वेगळी असली तरी निभावते, ड्रायव्हर हा घरातला माणूस,” हे तुमचे वाक्य मी आता प्रत्येकाला ऐकवतो.

विंडोज ११ जुन्या मशीनवर बसणार नव्हतीच. प्रोसेसर चौथ्या पिढीचा, म्हणजे तिला चालणाऱ्यांपेक्षा जुना, आणि तिला लागणाऱ्या टीपीएम २.० या सुरक्षा चिपचा पत्ता नाही. आडवाटेने ती बसवता येते, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणून तुम्ही ती वाट नाकारलीत. विंडोज १० बसली असती, परंतु तिची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या बरोबर एक आठवडा आधी, संपत होती. मी खर्चाला कुरकुरलो खरा, पण जूनमध्ये मशीन घेतले.

पहिल्या दिवशी पेजमेकर उघडले आणि मी हरखून गेलो. २००१ साली आलेली ती आवृत्ती विंडोज ११ वर दिसताच लढाई संपली असे मला वाटले. मग मी लॉक लावले. जुन्या मशीनला खोचताच त्याच्यावरचा बारीक लाल दिवा लागायचा. इथे तो लागलाच नाही. तीन पोर्ट बदलले, फुंकर घातली, रुमालाने पुसले, तरीही नाही. लॉकचा ६४ बिटांचा ड्रायव्हर बनवणाऱ्याने काढलेलाच नव्हता, आणि स्कॅनरचेही तेच.

यावर तुम्ही जो उपाय केलात, त्याचे मला अजून नवल वाटते. डिस्क-टू-व्हीएचडी या छोट्या प्रोग्रॅमने तुम्ही जुन्या मशीनची अख्खी हार्ड डिस्क एका फाइलमध्ये उतरवलीत आणि नव्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे मशीनच्या आत दुसरे मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ती जोडलीत. माझी विंडोज रिटेल पाकिटातली, म्हणजे एकाच मशीनला न बांधलेली होती, म्हणून परवान्याचीही अडचण आली नाही. नव्या पडद्यावरच्या एका चौकटीत माझा जुना डेस्कटॉप, त्यावरच्या नातीच्या फोटोसकट, उघडला. तुम्ही यूएसबी लॉक त्या चौकटीकडे वळवलेत आणि लाल दिवा लागला. त्या चौकटीचे इंटरनेट तुम्ही बंद ठेवलेत आणि ते कधीही सुरू करायचे नाही असे मला बजावलेत. मी ते पाळतो आहे.

चुकलेली गोष्ट प्रिंटरची. तो भंगारात जाईल असे तुम्ही लिहिले होते. पण तो पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा समजणारा निघाल्यामुळे यूएसबी-पॅरलल केबल आणि साधा सर्वसामान्य ड्रायव्हर एवढ्यावर चालू झाला. त्या दिवशी तुमच्यापेक्षा मीच जास्त खूश होतो.

जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या सांकेतिक क्रमांकांत, आणण्याचे काम मात्र मला एकट्याला कधीच जमले नसते. पहिल्या रूपांतरात ‘आशीर्वाद’चा ‘आशीवार्द’ झाला. आमच्या फाँटमध्ये रफार अक्षरानंतर आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टाइप होते. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम नेमका उलटा असतो, आणि हा उलटापालट न जाणणारे रूपांतरक असला मजकूर देतात. तुम्ही दोन रात्री बसून माझ्या फाँटचा एकेक सांकेतिक क्रमांक तपासून तक्ता केलात. माझ्याकडे एकाच नावाच्या फाँटच्या दोन आवृत्त्या निघाल्या आणि त्यांच्यात जोडाक्षरांच्या जागा वेगळ्या होत्या, तेव्हा तुम्ही न वैतागता दुसरा तक्ता करायला घेतलात. मी असतो तर उठून गेलो असतो.

कळफलकही तुम्ही माझ्या सवयीचाच ठेवलात. इनस्क्रिप्ट हा प्रमाण कळफलक शिका असे सांगणे सोपे होते, पण एकतीस वर्षे बोटांत बसलेला टाइपरायटर साठीनंतर काढायचा कसा? आता फक्त ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर द्यावी लागते. पहिले पंधरा दिवस ‘कवी’ नीट आणि ‘कविता’ बिघडलेली, असे चालले होते; गणपतीपर्यंत बोटे वळली.

यंदा नवे मजकूर युनिकोडमध्ये आणि जुन्या पुस्तकांची पुनर्मुद्रणे त्या चौकटीत, अशा रीतीने तीन दिवाळी अंक आणि एक कवितासंग्रह वेळेत गेला. २००९ सालच्या एका स्मरणिकेची फाइल परवाच उघडली. एकही अक्षर हलले नव्हते. दुसऱ्या आवृत्तीच्या फाँटमधली चार जोडाक्षरे मात्र अजून चुकतात. ती मी तुमच्याच त्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवली आहेत. पुढच्या वेळी माहेरी याल, तेव्हा तासभर इकडे काढा. चहा तयार असेल.

आपला,
एक अक्षरजुळणीकार, सातारा